दोन फेऱ्या आधी वाजलेली घंटा

मित्रांनो, मी रुळाचा एक जुना तुकडा आहे. लांबीला दीड हात, वजनाला एका माणसाने कण्हत उचलावा इतका. एका टोकाला भोक आहे, त्यात जाड तार ओवून मला टांगतात आणि लोखंडी हातोडीने मारतात. मारलं की मी वाजतो. न मारता मी कधी वाजलो नाही. माझ्या आयुष्यात मी जे काही बोललो ते दुसऱ्याच्या हातून बोललो, एवढं आधीच सांगून ठेवतो. पुढे मला दोष द्यायची वेळ येईल तेव्हा हे लक्षात ठेवा.

माझी सुरुवातीची वर्षं डोंगरात गेली. नेरळहून माथेरानला जाणाऱ्या छोट्या गाडीखाली मी होतो. गाडी छोटी, पण वळणं अशी की चाकांनी आम्हाला घासून घासून चकचकीत करावं. माझी जागा एका आडव्यातिडव्या वळणावर बाहेरच्या बाजूला होती, म्हणजे सगळा भार माझ्याच अंगावर. एका पावसाळ्यात दरड आली आणि आमची अख्खी रांग दरीकडे लोंबकळली. नवे रूळ आले, आम्हाला कापून बाजूला टाकलं. त्यातला एक तुकडा कडावजवळच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी रीतसर अर्ज करून मागून घेतला. तो मी.

शाळेत मी घंटा झालो. सकाळची घंटा, मधल्या सुट्टीची घंटा, शाळा सुटल्याची घंटा. शाळा सुटताना मुलं माझ्याकडे ज्या प्रेमाने बघत तसं दुसरं कोणी कधी बघितलं नाही. भरताना मात्र तीच मुलं मला शिव्या घालत. असो. दोन्ही मी पचवलं. मग एके वर्षी भिंतीवर एक पांढरी डबी बसली आणि बटण दाबलं की कर्रकर्र करू लागली. झालं, माझी नोकरी संपली. मी व्हरांड्याच्या टोकाला गंजत पडलो. पोरं माझ्यावर खडूने एकमेकांची नावं जोडून लिहीत आणि पळून जात.

तिथून मला उचललं ते सहदेव सरांनी.

सहदेव सर शाळेत खेळ शिकवायचे. घर कडावातलं, भातशेतीचं. तरुणपणी ते पंधराशे मीटर पळत, राज्यापर्यंत गेले होते आणि तिथेच थांबले होते. ते थांबणं त्यांना फार लागलं होतं. मुलांना ते सांगत की शंभर मीटरवाल्याने दम एकदाच उधळायचा असतो आणि मॅरेथॉनवाल्याने तो जपून पुरवायचा असतो. पंधराशेवाल्याला मात्र तो जपताही यावा लागतो आणि नेमक्या क्षणी उधळताही यावा लागतो. तो नेमका क्षण कुठला, हाच सगळा प्रश्न. त्याचं उत्तर सरांनी माझ्यात शोधलं.

मोठ्या मैदानावरची फेरी चारशे मीटरची असते. शेवटची फेरी सुरू झाली की तिथे घंटा वाजवतात. म्हणजे घंटा झाली की चारशे मीटर उरले. आमच्या शाळेचं मैदान लहान, त्यात जेमतेम दोनशे मीटरची फेरी बसे. मग सर काय करत, तर दोन फेऱ्या उरल्या की मला ठोकत. एकदाच. शेवटच्या फेरीला पुन्हा नाही, कारण त्याने पोरांचा गोंधळ होईल असं त्यांचं म्हणणं. "घंटा म्हणजे चारशे," हे वाक्य त्या मैदानावर मी हजारदा ऐकलं असेल. मला त्याचा अभिमान होता. मी आता तास संपल्याचं सांगत नव्हतो, माणसाला कधी जीव तोडून पळायचं ते सांगत होतो.

आणि माझं सगळ्यात जास्त ऐकलं कपिलने.

कपिल बौद्धवाडीतला. त्याची आई भागूबाई शाळेत खिचडी शिजवायची आणि आवणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या शेतात रोपं लावायची. वडील लवकर गेले होते. कपिल आठवीत असताना सरांनी त्याला पहिल्यांदा पळवलं. तो पळताना डोकं खाली घालून ओठ हलवी. सरांनी थांबवून विचारलं, "काय पुटपुटतोस रं?"

"फेऱ्या मोजतोय, सर."

"मोजू नको. मोजण्यात ध्यान गेलं की पाय ढिले पडतात. डोळे समोरच्याच्या खांद्यावर आणि कान घंटेवर. मोजायचं काम माझं, पळायचं तुझं. समजलं काय?"

"व्हय, सर."

तेव्हापासून कपिलने मोजणं सोडलं. हे वाक्य, मित्रांनो, नीट ऐकून ठेवा.

पुढची बारा वर्षं आम्ही तिघांनी मिळून काढली. सर ठोकत, मी वाजे, कपिल सुटे. माझा आवाज कानावर पडला की त्याचे खांदे जरा खाली येत, पहिल्या दोनशे मीटरमध्ये तो एकेकाला शांतपणे मागे टाकत पुढच्याच्या खांद्याशी येई आणि उरलेल्या दोनशेत जे काही शिल्लक असेल ते सगळं ओतून देई. मोठ्या मैदानावर तर तो वाघच होता. तिथली घंटा आणि माझी घंटा एकच गोष्ट सांगत. तो जिल्ह्यात पहिला आला, राज्यात पहिला आला आणि सव्विसाव्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत दुसरा. कर्जत स्टेशनवर त्याला हार घालायला माणसं आली. कपिलने सगळे हार आणून माझ्या तारेत अडकवले. मी लाजलो, पण काढायला कुणाला सांगणार?

मग तो निरोप आला. परदेशातल्या एका आंतरराष्ट्रीय इनडोअर स्पर्धेत पंधराशेसाठी निवडलेल्या मुलाची पोटरी फाटली होती, त्याच्या जागी कपिलने जायचं होतं. हातात एकवीस दिवस.

इनडोअर म्हणजे छपराखालची स्पर्धा. थंड देशांत बाहेर बर्फ असतं म्हणून ते लोक आत पळतात. आत जागा कमी, म्हणून फेरी दोनशे मीटरची, आणि वळणं इतकी जवळ की माणूस बाहेर फेकला जाऊ नये म्हणून ती बाहेरच्या बाजूने उचललेली असतात. कपिल असल्या धावपट्टीवर कधी उभाही राहिला नव्हता. पहिल्या हीटमध्ये, म्हणजे चाळणीच्या शर्यतीत, पहिल्या तिघांत आला तर फायनल. फायनल गाठली तर राष्ट्रीय शिबिरात कायमची जागा. नाही गाठली तर सव्विसाव्या वर्षी पुन्हा कोण विचारतो? हे सरांना ठाऊक होतं, कपिलला ठाऊक होतं आणि भागूबाईलाही.

सर हातपाय गाळणारे नव्हते. खोपोलीच्या अलीकडे, खालापूरच्या बाजूला, एक कारखाना बरीच वर्षं बंद पडून होता. त्याची शेड फुटबॉलचं मैदान मावेल एवढी. सरांनी रखवालदाराला गाठलं, मालकाची परवानगी काढली आणि जमिनीवर चुन्याने दोनशे मीटरची फेरी आखली. वळणं कशी उचलायची हा प्रश्न होता. लाकडाचं काम परवडणारं नव्हतं. तो प्रश्न भागूबाईने सोडवला.

"बांध घालायचा ना? मंग त्यात काय हाय?" ती म्हणाली. "आमी जलमभर तेच करतोय."

बौद्धवाडीतल्या चौदा बायका टेंपोतून आल्या. त्यांनी माती टाकली, तीत भाताचा तूस कालवला, पाणी मारलं, लाकडी चोपण्यांनी दिवसभर चोपली आणि वरून खळं सारवतात तसं शेणाने सारवून काढलं. तिसऱ्या दिवशी दोन्ही वळणं अशी घट्ट झाली की कपिलचा बूट त्यात रुतेना. माझ्याच एका जुन्या वळणाची मला आठवण झाली. मला त्याच टेंपोतून आणून शेडच्या एका खांबाला टांगलं होतं.

सरांनी अभ्यासही केला. ते शिक्षकांच्या खोलीत बसून मोबाइलवर जुन्या इनडोअर शर्यती बघत. शेजारी दुसरे शिक्षक वह्या तपासत असायचे म्हणून आवाज बंद. तसाही त्यात सगळा इंग्रजी बडबडीचा मारा, तो ऐकून काय कळणार होतं? सर पाय बघत. वळणावर कोण कुठे झुकतो, धक्काबुक्कीत कोण आत अडकतो, हे सगळं वहीत लिहीत आणि शेडमध्ये येऊन कपिलला सांगत. त्यांची वही भरत आली होती. घंटा कधी वाजते ते मात्र त्या वहीत नव्हतं. बंद आवाजात घंटा ऐकू येत नाही.

तर तिथेही दोन फेऱ्या उरल्या की सर मला ठोकत. शाळेच्या मैदानावरची फेरी दोनशेची, इथलीही दोनशेची. सरांच्या मनाला शंका शिवली नाही. मला शिवली असती तरी मी काय करणार होतो? पण खोटं कशाला बोलू, मलाही शिवली नाही. छपरामुळे माझा आवाज तिथे घुमे आणि मी त्यातच खूश होतो. एका सरावाचा व्हिडिओ रखवालदाराने कपिलच्या मोबाइलवर काढून दिला. त्यात मी स्पष्ट वाजतोय आणि माझ्यानंतर कपिल बरोबर दोन फेऱ्या पळतोय.

जाण्याच्या दिवशी विहारात वंदना करून कपिल शेडमध्ये आला. सरांच्या पाया पडला आणि मग माझ्यावर हात ठेवला. हात गरम होता.

"सर, तिकडची घंटा कशी आसंल?"

"घंटा ती घंटा. तू फक्त कान उघडे ठेव."

शर्यत तिकडच्या सकाळची होती, आपल्याकडे दुपारचे साडेतीन. भागूबाईचा हट्ट होता की शेडमध्येच बघायचं. माती चोपलेल्या बायका आल्या, रखवालदार आला, कपिलची बहीण आपल्या दहा वर्षांच्या मुलीला, हर्षलाला, घेऊन आली. सरांनी मोबाइल माझ्या खालच्याच खुर्चीत खांबाला टेकवून उभा केला आणि आज आवाज पूर्ण मोठा केला. त्यांनी इनडोअर शर्यत आवाजासकट बघण्याची ही पहिली वेळ.

कपिलची हीट पहिलीच होती, त्याच्या आधी कोणी पळालं नव्हतं. नऊ जण. पंधराशे मीटर म्हणजे तिथल्या साडेसात फेऱ्या. रेषेच्या कडेला किती फेऱ्या उरल्या त्याचे आकडे दाखवणारी पाटी होती, पण कपिल तिच्याकडे कशाला बघेल? त्याचे डोळे समोरच्याच्या खांद्यावर. तो सातवा पळत होता आणि किती हलका पळत होता म्हणून सांगू! सरांच्या चेहऱ्यावर हसू होतं. ते बोटांवर फेऱ्या मोजत होते. दोन फेऱ्या उरल्या तेव्हा त्यांनी मान पुढे केली. घंटा झाली नाही.

"वाजवली कशी नाय?" सर म्हणाले.

फेरी संपली, एकच उरली आणि मग मोबाइलमधून घंटा ऐकू आली. माझ्यापेक्षा पातळ, गोड आवाजाची. सरांनी चटकन वर, माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मी विसरू शकत नाही. तिथे घंटा म्हणजे दोनशे, हे त्या क्षणी आम्हा दोघांना कळलं होतं, आणि शेडमध्ये आणखी कोणालाही नाही.

तिकडे कपिलने खांदे सोडले. आमच्या शिकवणीप्रमाणे, अगदी बिनचूक, तो पहिल्या दोनशेत एकेकाला शांतपणे मागे टाकू लागला. बाकीचे जीव खाऊन पळत होते, तो जागा घेत होता. सातवरून सहा, सहावरून पाच, पाचवरून चार. रेषा आली. तो चौथा होता, तिसऱ्यापेक्षा अकरा शतांश सेकंदांनी मागे. शर्यत संपली होती आणि कपिलने तिथून खरा जोर लावला.

पुढचे तिघे थांबू लागले, तो त्यांना ओलांडून गेला. वळणावर तो एकटाच होता.

"पुढं गेला! माझा पुढं गेला!" भागूबाई ओरडली. बायका उठून उभ्या राहिल्या, टाळ्या वाजवू लागल्या. "बगा की सर, सगळी मागं ऱ्हायली!"

सर बघत नव्हते. पडद्यावर कपिलने मान वळवून मागे पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. तो हसला. इतकं मोकळं हसताना मी त्याला बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. तसाच हसत तो दुसऱ्या वळणापर्यंत गेला, तिथे निळ्या कोटातला एक माणूस दोन्ही हात पसरून आडवा आला आणि कपिल थांबला.

"काय झालं? त्याला का अडवला?" भागूबाईने विचारलं. टाळ्या हळूहळू थांबल्या. सरांनी वाकून मोबाइल बंद केला आणि शेडबाहेर निघून गेले. शर्यत आधीच संपली होती, हे भागूबाईला रखवालदाराने समजावून सांगितलं. तिला दोनदा सांगावं लागलं.

तो हसतानाचा तुकडा कापून कोणीतरी मोबाइलवर पसरवला. खाली लिहिलं होतं की याला शर्यत संपल्याचं कळवा. आठ दिवसांत तो गावोगाव पोचला. खोपोलीच्या शिळफाट्यावरच्या टपरीवर कपिलला बघून दोघं-तिघं जागेवरच पळाल्यासारखं करत आणि मागे वळून हसत. एक जण सगळ्यांसमोर म्हणाला की साडेसातपर्यंत मोजता येत नाही आणि निघाले परदेशात. कपिलने हे शेडमध्ये येऊन सरांना सांगितलं नाही, रखवालदाराने सांगितलं.

महिन्याभराने चौकशीला खेळ खात्याचे एक साहेब आले. निवडीच्या वेळी शिबिराच्या यादीत तात्पुरतं घातलेलं कपिलचं नाव ठेवायचं की काढायचं हे त्यांच्या अहवालावर होतं. त्याच फायलीत आणखी एक कागद होता: खालापूर तालुक्यात मुलांसाठी नवं धावण्याचं केंद्र सुरू व्हायचं होतं आणि मुख्य प्रशिक्षक म्हणून सहदेव सरांचं नाव पुढे गेलं होतं. साहेबांनी चुन्याची फेरी पाहिली, मातीची वळणं बुटाने दाबून पाहिली, कौतुक केलं. मग माझ्यासमोर उभे राहिले.

"ही तुमची बेल? सरावात किती फेऱ्या उरल्या की वाजवत होता?"

प्रश्न सरांना होता. सरांचे ओठ उघडले. हातोडी माझ्याशेजारी खिळ्याला अडकवलेली होती, ते तिच्याकडे बघत राहिले. मी वाट पाहिली. लोखंडालाही वाट पाहता येते.

"शेवटच्या फेरीलाच, साहेब," कपिल म्हणाला. "सर बरोबर वाजवायचे. माझंच मोजणं चुकलं."

"म्हणजे दडपण आलं?"

"व्हय. आलं."

साहेबांनी लिहून घेतलं. सरांनी तोंड मिटलं.

साहेबांची गाडी गेली. मग सरच म्हणाले, "कशाला रं, कपिल? कशाला आसं बोललास?"

"तुमी ऱ्हायलात तर अजून धा पोरं पळतील, सर. माझं काय, मी एकटा."

"मी सांगणार हाय. सेंटरचं एकदा होऊ दे, मंग मीच जाऊन सांगतो. सगळ्यांना सांगतो. शब्द हाय माझा."

"सांगा," कपिल म्हणाला. त्याचा विश्वास होता.

कपिलचं नाव यादीतून गेलं. शेरा होता, मानसिक तयारी नाही. पुढल्या पावसात शेडचं छप्पर गळलं आणि भागूबाईच्या हातची वळणं चिखल होऊन वाहून गेली. मी खांबाला एकटाच लोंबकळत होतो. रात्रंदिवस एकच विचार करत होतो की मी वाजलो तो चुकीच्या जागी वाजलो. कपिल हायवेजवळच्या एका गोदामात खोकी चढवायला लागला. पळणं त्याने सोडलं. सोडलं म्हणजे सकाळचं फिरणंसुद्धा सोडलं. भागूबाई म्हणायची की मोबाइलमधलं ते हसणं बघितल्यापासून तिचा लेक हसायचाच बंद झाला.

केंद्र मात्र झालं. सर मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांनी मला तिथे नेलं, गंज घासून काढला, लाल रंग दिला, नव्या तारेवर टांगलं. पाहुणे आले की सर मला दाखवत, हा माथेरानच्या गाडीचा रूळ म्हणून. माझे फोटो निघत. इतका मान मला आयुष्यात मिळाला नव्हता आणि इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. दर वेळी सर हातोडी घेऊन माझ्यापाशी येत तेव्हा मला वाटे, आज सांगतील. मैदानभर पोरं आहेत, त्यांचे आईबाप आहेत, आज नक्की सांगतील. सर मला ठोकत आणि परत जात. इथेही फेरी दोनशेचीच आखली होती. पण आता ते एकच फेरी उरली की ठोकत. पहिल्या दिवसापासून. कोणाला काही न सांगता त्यांनी चूक दुरुस्त करून टाकली होती.

तिसऱ्या वर्षी हर्षला केंद्रात आली. कपिलची भाची. तेरा वर्षांची, काटकुळी, आणि पळताना ओठ हलवणारी. तिला मोजू नको असं अजून कोणी सांगितलं नव्हतं.

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळचा सराव संपला होता. पोरं माझ्याभोवती बुटांच्या नाड्या सोडत बसली होती. रात्रपाळी करून परस्पर आलेला कपिल भाचीला न्यायला फाटकाशी उभा होता, अंगात गोदामाचा निळा शर्ट.

"सर," हर्षला म्हणाली, "आदी तुमी दोन फेऱ्या ऱ्हायल्यावर घंटा मारायचात ना?"

सर हातोडी खिळ्याला अडकवत होते. त्यांचा हात तिथेच राहिला.

"कोण म्हणलं?"

"मामाच्या मोबाइलवर व्हिडिओ हाय, शेडमदला. घंटा झाल्यावर मामा दोन फेऱ्या पळलाय. मी चारदा मोजलं."

नाड्या सोडणारी पोरं थांबली. सगळी सरांकडे बघू लागली. मित्रांनो, याहून सोपी वेळ कोणाला मिळाली असती? पोरगी समोर बसलेली, कपिल वीस पावलांवर उभा. एक 'होय' म्हणायचं होतं. केंद्र झालं होतं, नाव झालं होतं, काही जाणार नव्हतं. सरांनी फाटकाकडे पाहिलं. कपिलही त्यांच्याकडेच बघत होता. तीन वर्षं तो ज्याची वाट बघत होता ते आता येईल असं त्याच्या चेहऱ्यावर मला दिसलं. फार थोडा वेळ, पण दिसलं.

"नाय," सर म्हणाले. "कदीच नाय. घंटा शेवटच्याच फेरीला."

हर्षलाने मामाकडे वळून पाहिलं. "मामा, सांग ना. हाय ना व्हिडिओ?"

कपिल सावकाश आत आला. सर खाली बघत होते. कपिलने त्यांच्याकडे पाहिलं, मग भाचीकडे.

"सर बरोबर सांगतात," तो म्हणाला. "तुझं मोजणं चुकलं आसंल."

"मी चारदा मोजलं, मामा!"

"मंग चारदा चुकलं."

त्याने खिशातून मोबाइल काढला, अंगठ्याने दोन-तीनदा दाबून काहीतरी पुसून टाकलं आणि परत खिशात ठेवला. सरांना नमस्कार केला. हर्षला त्याच्या मागे गाडीवर बसून गेली. सर हातोडी हातात धरून बराच वेळ उभे होते. मला वाटलं आता तरी मारतील, रागाने मारतील. त्यांनी ती खिळ्याला अडकवली.

हर्षला अजून येते. चांगली पळते. पण आता तिचे ओठ हलत नाहीत. परवा मधल्याच एका फेरीत, घंटेला अजून अवकाश असताना, ती सरांसमोरून जाताना धापा टाकत ओरडली, "सर, किती ऱ्हायल्या?" तिला माहीत होतं. मला खात्री आहे की तिला माहीत होतं. पण स्वतःच्या मोजण्यावर तिचा भरवसा उरलेला नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंनी शेवटी काहीतरी मागायचं असतं. तेल लावा, रंग द्या, भंगारात घालू नका. मला रंग मिळाला आहे, सावलीची जागा आहे, मला यातलं काही नको. एवढंच करा. कोणी पोर तुमच्यासमोर येऊन म्हणाली की मी मोजलंय, तर तिच्याशेजारी बसून तिच्याबरोबर पुन्हा एकदा मोजा. आणि तिचं बरोबर निघालं तर तिथेच, सगळ्यांच्या देखत, तिला तसं सांगा.